लाकडी गाईची डावी बाजू

दचकू नका. बोलतेय ती मीच, फाटकातून आत आलं की समोर दिसते ती लाकडाची गाय. मी मारत नाही, हंबरत नाही आणि चाराही मागत नाही. मागण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, ते मी शेवटी मागेन. आधी माझी हकीकत ऐका.

हे शेत पोट भरायचं नव्हे, शिकवायचं. भाजीचे आठ वाफे, दोन शेळ्या, काही कोंबड्या, बदकांचं डबकं, एक छोटा गोठा आणि फाटकावर पाटी. रविवारी घरंच्या घरं इथं येतात. दूध पिशवीतच तयार होतं असं ज्या मुलांना वाटतं, त्यांना ते कुठून येतं हे दाखवायला आईबाप घेऊन येतात. आणि खरं सांगू का, निम्म्या आईबापांनाही ते इथंच पहिल्यांदा कळतं.

शेत चालवतात बाई. आयुष्यभर शाळेत शिकवलं, मग निवृत्त झाल्या. शाळा सुटली, पण शिकवायची सवय काही सुटली नाही. मुलांना एकदम खऱ्या गाईखाली बसवता येत नाही, सरावाला आधी एक खोटी हवी, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी सुताराला बोलावलं.

तो दारं-खिडक्या करणारा माणूस. जनावर करायची त्याची ती पहिलीच वेळ आणि शेवटचीही. एक जुनं लाकडी पिंप आडवं करून त्यानं माझं पोट केलं, मोडक्या चौकटीचे चार पाय केले, फळी कापून तोंड केलं, शेपटीला सुंभ लावला. पोटाखाली जाड रबरी हातमोज्याची चार बोटं बसवली, ते माझे सड. डोळे मात्र बाईंनी स्वतः रंगवले. दोन्ही काळेभोर, वर पापण्या. एवढे मोठे डोळे कुठल्या गाईला नसतात, पण पोरांना फार आवडायचे.

पोटात पाणी भरायचं आणि त्यात खडूची पूड कालवायची, म्हणजे दुधासारखं दिसतं. बाईंकडे खडूचे खोके उरलेले होते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. माझ्या आडात खडू होता आणि पोहऱ्यातही खडूच यायचा. त्या बाबतीत मी कुणाला फसवलं नाही.

सगळं झाल्यावर सुतारानं बसायचं बाकडं उचललं आणि हाक मारून विचारलं, "बाई, हे कुठल्या बाजूला ठोकू?"

बाई तेव्हा डबक्याबाहेर पळालेल्या बदकांना वळवत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "वाट ज्या बाजूला आहे तिकडेच ठोका. पोरांना बरं पडेल."

वाट माझ्या डाव्या अंगाला होती. उजव्या अंगाला हातभर जागा आणि पलीकडे तारेचं कुंपण. सुतारानं डावीकडे चार लांब खिळे मारून बाकडं पक्कं केलं. गाईच्या कुठल्या अंगाला बसायचं असतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो जन्मात कधी गाईखाली बसला नव्हता. बाई जे काही शिकल्या होत्या ते पुस्तकातून, आणि त्या पुस्तकात एवढं बारीक लिहिलेलं नसावं. त्या खिळ्यांचे ठोके मला अजून आठवतात.

मग माझं आयुष्य सुरू झालं. सकाळपासून पोरांची रांग. बाईंचं शिकवणं ठरलेलं असे: अंगठा आणि पहिलं बोट वर आवळायचं, मग एकेक बोट खाली मिटत आणायचं, ओढायचं नाही. पोरं ओढायचीच. खडूचं पाणी नाकातोंडावर उडायचं आणि हसून हसून बेजार व्हायची. मला ते हसू आवडायचं, लपवून काय करायचं?

मोठी माणसंही पाहिली. बाप लोक लांब उभे राहून मुलाला सूचना देतात आणि स्वतःची पाळी आली की फोन आल्यासारखं करतात. आया बसण्याआधी कुणी बघतंय का ते बघतात. म्हातारी माणसं मात्र बहुतेक गप्प असतात. माझ्या पाठीवर हात ठेवतात, लाकूड आहे हे हाताला कळलं की हात काढून घेतात. त्यांना काय आठवत असेल ते मला कळायचं नाही.

गोठ्यावर एक माणूस ठेवला होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. आधी तो टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. हात दणकट, मनानं सरळ, पण गाईचं शेपूट धरलेलं नव्हतं. आठ दिवस तो माझ्याच बाकड्यावर बसून धार काढायला शिकला आणि मग खऱ्या गाईखाली गेला. अर्थातच डाव्या अंगानं. गोठ्यातल्या दोन्ही गाई वयस्क आणि सोशीक होत्या. कुणीही, कुठूनही बसा, त्या रवंथ करत उभ्या राहायच्या. त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

मग भिंगरी आली.

तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, पायाशी महिन्याचं वासरू. बाईंनी एका घरून विकत आणली होती. पहिल्याच दिवशी भाऊ चरवी घेऊन बसला आणि दुसऱ्या क्षणी चरवी एकीकडे, भाऊ एकीकडे. ती जागच्या जागी गर्रकन वळली आणि दाव्याला हिसका देऊन उभी राहिली. वासराला पाजायची, पण माणूस जवळ आला की पान्हा चोरायची. भाऊनं गोंजारून पाहिलं, पाय बांधून पाहिलं. डॉक्टर आले, त्यांनी कास पाहिली, पाय पाहिले, तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, "जनावर निरोगी आहे. स्वभावाला औषध नाही."

भाऊचं मत पक्कं झालं होतं. "बाई, ही एकहाती गाय आहे. पहिल्या मालकाचाच हात घेणार. दुसऱ्याला जन्मात उभं करणार नाही."

गोठा माझ्या समोरच आहे. मला ती दिवसभर दिसायची. आता कबूल करायला हरकत नाही, मला ती आवडत नव्हती. माझ्याकडून हसत गेलेली पोरं तिच्यापासून रडत परत यायची आणि मला मनातल्या मनात बरं वाटायचं. खोट्या गाईला खऱ्या गाईचा हेवा वाटतो, त्यात नवल नाही.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं लोक म्हणतात. लाथ दुसऱ्याच्या लेकराला बसली की गोडी संपते. एका शाळेची सहल आली होती. बाईंनी मुलांना लांब उभं केलं होतं, पण एक मुलगी वासरू बघायला भिंगरीच्या डाव्या अंगानं पुढं गेली. लाथ गुडघ्यावर बसली. हाड वाचलं, गुडघा काळानिळा झाला. शाळेचं पत्र आलं.

शेताची एक समिती आहे. महिन्यातून एकदा झाडाखाली खुर्च्या टाकून बसते आणि उंटावरून शेळ्या हाकते. त्या दिवशी मात्र त्यांचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. मुलांच्या शेतावर मारकी गाय कशी ठेवायची? वासरू ठेवायचं, गाय सोमवारी गाडीत घालून पाठवायची, असं ठरलं. ती गाडी कुठं जाते हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. त्या गाडीतून गेलेलं जनावर परत आलेलं मी पाहिलेलं नाही. बाई सही करून किती तरी वेळ खुर्चीतच बसून होत्या.

आणि सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, ते घर आलं.

पुढे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, तिच्यामागे आई, आणि सगळ्यात मागे मुलीचा बाप एका म्हाताऱ्या माणसाला धरून. म्हाताऱ्यांच्या डाव्या हातात काठी होती. उजवा हात छातीशी आखडलेला, उजवा पाय जमिनीवरून फरफटत होता. मुलीनं फाटकातूनच विचारलं, "आमची भिंगरी कुठंय?"

"हळू बोल," बाप म्हणाला. त्यानं घाईघाईनं वडिलांकडे पाहिलं. "आधी बदकं बघू. चला बाबा, बदकं बघू."

तो दोघांना डबक्याकडे घेऊन गेला. त्याची बायको माझ्या बाकड्यावर टेकली. बाई तिच्यासाठी पाणी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. त्या दोघींचं बोलणं माझ्या पोटाशी झालं, म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

ती घरी शाळेचे गणवेश शिवायची. नवरा गाड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात सकाळी सातला जायचा. गाई सासऱ्यांच्या. एकेकाळी सहा होत्या, शेवटी एक उरली, भिंगरी. थंडी-पाऊस न बघता रोज पहाटे धार काढणारा माणूस एका सकाळी गोठ्याच्या दारातच कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

"एकच शब्द राहिलाय," ती म्हणाली. "असं. भूक लागली तरी असं, दुखलं तरी असं, रागावले तरी असं. आम्ही आपले अंदाज बांधतो."

"आणि गाय?" बाईंनी विचारलं.

"बाबा दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, त्यांना आता पायऱ्या चढता येणार नाहीत. घर आमचं वरच्या मजल्यावर. खाली जागा होती ती फक्त गोठ्याची. मग यांनी फरशी घातली, भिंतीत खिडकी बसवली, चुना मारला, खोली केली. गाईला अंगणात बांधलं. मी धार काढायला गेले तर मला उडवून दिलं. तीनदा. सगळे म्हणाले, एकहाती गाय आहे. मग तुम्हाला विकली." तिनं ग्लास खाली ठेवला. "बाबांना अजून सांगितलेलं नाही, बाई. त्यांना विचारता येत नाही आणि यांना सांगवत नाही."

ती पुढे म्हणाली, "आता त्यांची खाट गोठ्यातच आहे. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत जागा आहे. भिंगरीनं अंग घासून घासून पडलेली. तीनदा चुना दिला, तरी तेलकट डाग वर येतोच. बाबा झोपताना त्या डागावर हात ठेवतात."

 मग बाईंनी सोमवारचं सांगितलं, उद्या गाडी येणार ते. त्या बाईमाणसाचा चेहरा एकदम उतरला. "पोरगी गेले दोन महिने मागं लागली होती, आजोबांना भिंगरी दाखवा म्हणून. आज कसं तरी यांचं मन वळवलं," ती म्हणाली. "बरं झालं आजच आलो म्हणायचं की वाईट झालं, तेच कळत नाही."

तेवढ्यात ती तिघं बदकं बघून आली. मुलीला माझ्यावर सराव करायचा होता. आई उठली, मुलगी बाकड्यावर बसली आणि तिनं माझे सड धरले.

आजोबांनी काठी जमिनीवर आपटली. "असं," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "असं, असं."

"बरोबर करतेय ती, बाबा," त्यांचा मुलगा म्हणाला.

म्हाताऱ्यांनी मान जोरात हलवली. मुलाचा हात झटकला आणि पाय ओढत मला वळसा घालून उजव्या अंगाला आले. तिथं जागा हातभर. कुंपणाच्या तारेत त्यांचा सदरा अडकला, टर्रकन फाटला. त्यांना पर्वा नव्हती. काठी खाली टाकून त्यांनी माझ्या मानेवर अंग टाकलं, डावा हात पुढे वाकवला आणि पंजा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. रंगवलेल्या डोळ्यावर. घट्ट दाबून धरला.

"असं," ते म्हणाले. या वेळी अगदी हळू.

मी लाकडाची आहे, पण तो पंजा मला कळला.  काहीतरी फार दिवसांचं साठलेलं त्या माणसाला सांगायचं होतं आणि सांगायला समोर मीच होते, जिला बोलता येत नाही.

मुलाचे डोळे भरून आले. "ही खोटी गाय आहे, बाबा," तो म्हणाला. मग बाईंकडे वळून म्हणाला, "त्यांना आता समजत नाही हो. माफ करा."

सगळ्यांना तसंच वाटलं. भाऊलाही आणि मलाही.

मग लपवण्यात अर्थ उरला नाही. मुलानं वडिलांची काठी उचलून दिली आणि त्यांना गोठ्याकडे नेलं. भिंगरीला त्यांचा वास आधीच लागला होता. ती गर्रकन वळून दाव्याला ताण देत उभी होती, कान पुढे करून. आजोबा थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली.

आजोबा दोन पावलं मागे सरले, तिच्या मागून लांबचा वळसा घेऊन उजव्या अंगाला गेले आणि तिच्या कुशीला कपाळ टेकून उभे राहिले. ती हलली नाही. तिनं मान वळवून त्यांच्या फाटक्या सदऱ्याचा वास घेतला आणि चाटायला लागली.

"बघा," भाऊ म्हणाला. "मी सांगत होतो की नाही? एकहाती. या हाताशिवाय ती उभीच राहणार नाही."

आणि तो हात इथं कसा राहणार?  पुरावाच मिळाला होता. भिंगरीचं सोमवारचं जाणं आता पक्कं झालं, आणि ते पक्कं केलं तिच्यावर जीव टाकणाऱ्या माणसानंच, असं त्या घडीला वाटलं. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

पण म्हातारा हुशार. त्याला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. त्यानं काठी गव्हाणीला टेकवली, डाव्या हातानं मुलाचं मनगट पकडलं आणि त्याला आपल्या जागेवर ओढलं.

"नको, बाबा. मारेल ती मला."

"असं."

"बाबा, मी जन्मात कधी धार काढली नाही."

"असं," म्हातारा म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर भार देऊन त्याला खाली बसवलं.

कारखान्यातला तो माणूस, नखांत काळं तेल, भिंगरीच्या उजव्या कुशीखाली उकिडवा बसला. अंग चोरून, लाथेची वाट बघत. लाथ आली नाही. वडिलांनी त्याचा हात धरून कासेला लावला. अंगठा, पहिलं बोट, मग एकेक बोट. पहिली धार मातीत गेली. भाऊनं धावत जाऊन चरवी आणून खाली सरकवली. दुसरी धार चरवीत वाजली. तो आवाज मी इतकी वर्षं लांबून ऐकलाय, पण त्या दिवसासारखा कधी ऐकला नाही.

मग सून बसली. भिंगरी उभीच. मुलगी बसली. भिंगरी उभीच.

"मग मलाच काय झालंय?" असं म्हणत भाऊ पुढं झाला, सवयीनं डाव्या अंगानं. ती गर्रकन वळली, भाऊनं उडी मारली म्हणून वाचला.

बाई शिक्षिका होत्या, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नाही हे पहिल्या आठवड्यात ओळखणाऱ्या. माझ्या डाव्या डोळ्यावरचा तो पंजा आठवून त्या भिंगरीच्या तोंडासमोर गेल्या. उजव्या डोळ्याजवळ हात हलवला, पापणी मिटली. डाव्या डोळ्याजवळ हलवला. डोळा उघडाच. स्वच्छ, काळाभोर, आणि काहीच न बघणारा.

"हिला या डोळ्यानं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कधीपासून?"

"लहान होती तेव्हापासून ती गोल गोल फिरते," मुलगी म्हणाली. "म्हणून तर आजोबांनी नाव भिंगरी ठेवलं. आम्हाला वाटायचं, खेळते."

ती खेळत नव्हती. ज्या बाजूला काळोख होता, त्या बाजूनं काही आलं की चांगला डोळा तिकडे न्यायला वळत होती. आजोबांनी तिची डावी कूस गोठ्याच्या भिंतीला लावून बांधली होती, म्हणजे तिकडून कुणी यायचाच प्रश्न नाही. त्या भिंतीला अंग टेकून ती निर्धास्त उभी राहायची. ती भिंत तिला उमगलेली होती. भिंतीवरचा डाग त्या टेकण्याचाच. मग घरच्यांनी तिला त्या भिंतीपासून सोडवून मोकळ्या अंगणात बांधलं, जिथं डाव्या अंगानंही जाता येत होतं, आणि नंतर इथं, जिथं सगळे माझ्याकडून शिकून आलेले.

"त्यांनी कधी सांगितलं का नाही?" मुलगा म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे, असाच.

"आपण कधी विचारलं होतं?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. ती स्वतःलाही विचारत होती.

मग मुलगा वडिलांच्या पायाशी उकिडवा बसला. "बाबा, मी विकली तिला. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, जसा मघाशी माझ्यावर ठेवला होता. "असं," म्हणाला. त्याचा अर्थ काय लावायचा तो मुलानं लावला असेल. तो रडत होता.

बाईंनी समितीला डोळ्याचं सांगितलं, आणि सोमवारी गाडी आली ती रिकामी परत गेली. बाई भिंगरीला त्यांच्या घरी परत द्यायलाही तयार होत्या. पण ठेवणार कुठं? तिच्या जागेवर तर आजोबांची खाट होती. म्हणून तोडगा निघाला तो साधा. भिंगरी इथं, डावी कूस भिंतीला लावून, आणि दर रविवारी ते घर तिच्याकडे.

त्याच आठवड्यात भाऊनं पहार घालून माझं बाकडं उखडलं. ते चार खिळे निघताना मला दुखलं असं मी म्हणणार नाही. बरंच वाटलं. चूक सुताराची, बाईंची, कुणाचीही म्हणा, पण शिकवली मी होती. ज्यांना मी शिकवलं त्यांनी आंधळ्या बाजूनं भिंगरीच्या अंगावर जायचं आणि तिला मारकी म्हणायचं, आणि मी समोर उभी राहून त्यात सुख मानायचं. हे मला अजून बोचतं. कुंपण चार हात मागे घेतलं आणि बाकडं सुटं ठेवलं. बाईंचं शिकवणंही बदललं. आता त्या आधी सांगतात, "गाईभोवती एक फेरी मारा. ती कुठल्या बाजूनं तुम्हाला बघते ते पाहा. मग बसा."

आजोबा पुढे दोन वर्षं येत राहिले. भिंगरीकडे जाण्याआधी माझ्यापाशी थांबायचे, मानेवर रेलायचे आणि डाव्या डोळ्यावर पंजा ठेवायचे. सवयच लागली होती. बहुधा ही खूण एकदा उपयोगी पडली होती, म्हणून सोडवत नसेल. त्या पंजानं माझ्या डोळ्याचा रंग हळूहळू गेला. आधी पापण्या, मग काळं, मग नुसतं लाकूड.

एका रविवारी बाप आणि मुलगी दोघंच आली. काठी नव्हती. मुलगी सरळ गोठ्यात गेली नाही. माझ्यापाशी थांबली आणि तिनं आपला पंजा माझ्या डोळ्याच्या जागी ठेवला. तिचा हात लहान होता, सगळी जागा झाकली गेली नाही. मला जे समजायचं ते समजलं. डोळ्यांत पाणी यायला डोळे खरे लागतात. पोटात खडूचं पाणी होतं, तेवढंच होतं.

पुढे रंगारी आला तेव्हा त्यानं माझं सगळं अंग रंगवलं आणि डोळ्याशी येऊन ब्रश उचलला. "राहू दे," बाई म्हणाल्या. "हिला एकच डोळा आहे." रंगाऱ्यानं बाईंकडे पाहिलं आणि डबा बंद केला.

आता बरीच वर्षं झाली. भिंगरी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली, डावी कूस भिंतीला टेकून. भाऊचे केस पांढरे झाले. माझे मागचे दोन पाय वाळवीनं खाल्ले, पिंपाच्या फटी इतक्या वाढल्या की भरलेलं पाणी पोरं येईपर्यंत राहत नाही. नवी प्लास्टिकची गाय आली आहे. देखणी आहे, गळत नाही आणि तिला दोन्ही बाजूंना बाकडी आहेत. माझा तिच्यावर राग नाही. या वेळी हेवाही नाही.

पुढच्या आठवड्यात मला हलवणार आहेत. पिंपात माती भरून झाड लावायचं, बाकीचं सरपणाला, असं भाऊ बाईंना सांगत होता. बाई म्हणाल्या, "तोंडाची फळी तेवढी मला दे." मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मागायचं राहिलं होतं ते मागते. घरात, गोठ्यात, शाळेत, कुणी तुमच्याशी वाकडं वागलं तर त्याला मारकं म्हणायच्या आधी एकदा त्याच्याभोवती फिरून बघा. मी एवढंच शिकले, तेही उशिरा, आणि ज्यानं शिकवलं त्याच्याजवळ शब्द एकच होता.

आणि मला न्यायला याल तेव्हा घाई करू नका. वाटेच्या बाजूनं येऊ नका, त्या बाजूला मला डोळा नाही. पलीकडून वळसा घालून, उजव्या अंगानं या.